स्वामी रामानंद तीर्थ यांचं आडनाव 'तीर्थ' नव्हतं. मग ते आलं कुठून?

अंबाजोगाईतलं मोठं सरकारी रुग्णालय सगळ्यांना 'स्वाराती' म्हणून माहीत आहे. नांदेडच्या विद्यापीठाच्या परीक्षा, निकाल आणि गोंधळ यांच्या बातम्या 'स्वारातीम' या नावाने येतात. यातला स्वा म्हणजे स्वामी, रा म्हणजे रामानंद आणि ती म्हणजे तीर्थ. मराठवाड्यातल्या कितीतरी पोरापोरींच्या मार्कशीटवर आणि डिग्रीवर हे नाव छापलेलं असतं. त्यामुळे रामानंद हे नाव आणि तीर्थ हे आडनाव, असा अनेकांचा समज असतो.

पण तीर्थ हे त्यांच्या वडिलांचं आडनाव नव्हतं, आजोबांचंही नव्हतं. शाळेत त्यांचं नाव होतं व्यंकटेश खेडगीकर. ऐन तिशीच्या आत त्यांनी नाव आणि आडनाव दोन्ही सोडलं. पुढे याच नव्या नावाने त्यांनी निजामाच्या राजवटीविरुद्धचा लढा उभा केला, त्याच नावाने तुरुंगात गेले आणि त्याच नावाने लोकसभेत बसले.

एका माणसाने आडनाव टाकलं यात एवढं सांगण्यासारखं काय आहे? बीड जिल्ह्यात राहणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. इथे ओळख करून देताना नुसतं नाव सांगून भागत नाही. आडनाव कळलं की समोरचा माणूस गाव, भावकी आणि जात यांचा अंदाज बांधतो आणि मग कसं बोलायचं ते ठरवतो. २०२५ मध्ये बीड पोलिसांनी कर्मचाऱ्यांच्या नावाच्या पट्ट्यांवरून आडनावं काढली आणि फक्त नावं ठेवली. जातीवरून होणारा भेदभाव थांबावा हा त्यामागचा हेतू होता, आणि त्याची चर्चा देशभर झाली.

याच जिल्ह्यात, अंबाजोगाईत, १९३५ साली असा एक मुख्याध्यापक आला होता ज्याच्याकडे घराण्याचं आडनावच उरलेलं नव्हतं.

खेडगीकर म्हणजे कुठले?

मराठी आडनावांचे ढोबळमानाने दोन-तीन प्रकार पडतात. काही आडनावं कामावरून आली. गावाचा हिशेब ठेवणारा कुलकर्णी, परगण्याचा कारभार बघणारे देशमुख आणि देशपांडे, गावचा प्रमुख तो पाटील. काही आडनावं कुळावरून आली. आणि तिसरा मोठा गट आहे तो 'कर' लावलेल्या आडनावांचा. गावाच्या नावापुढे 'कर' लागला की तो माणूस कुठला ते कळतं. नांदेडचे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचं आडनाव कुरुंदा या गावावरून आलं. तसंच खेडगी गावचे ते खेडगीकर.

गंमत अशी की 'कर' असलेलं आडनाव बहुतेक वेळा गाव सोडल्यावरच कामाला येतं. गावात राहणाऱ्याला गावाचं नाव सांगायची गरज पडत नाही. दुसरीकडे गेलं की लोक विचारतात, कुठले तुम्ही? त्याचं उत्तर पिढ्यानपिढ्या नावाला चिकटून राहतं.

व्यंकटेशचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगीला झाला. हे गाव आज कर्नाटकातल्या विजयपूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला विजापूर म्हणतात तिथे आहे. विजापूर, गुलबर्गा आणि सोलापूर हा सगळा पट्टा मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा बोलणारा. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, असं तिथे आजही चालतं. व्यंकटेशचं पुढचं शिक्षण सोलापुरात झालं.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. व्यंकटेश तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. त्या बातमीचा त्याच्यावर इतका परिणाम झाला की आयुष्यभर लग्न करायचं नाही आणि देशाचं काम करायचं, असं त्याने ठरवलं. या वयात बरेच जण शपथा घेतात आणि पुढे विसरतात. याने ती पाळली. म्हणजे खेडगीकर हे आडनाव आपल्यापाशीच थांबणार, हे त्याचं सतराव्या वर्षाच्या आतच ठरून गेलं होतं.

असहकार चळवळीत त्याने सरकारी शाळा सोडली. त्या काळात सरकारी शाळांना पर्याय म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या होत्या. अमळनेर आणि नंतर पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ इथे त्याचं शिक्षण झालं. शिक्षण संपल्यावर कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. गिरण्या, संप, कामगारांचे हक्क आणि दिल्लीतलं कायदेमंडळ या सगळ्याची ओळख त्याला इथे झाली. मध्येच अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. त्या आजारपणाने शहरातलं काम सुटलं आणि वाट निजामाच्या राज्याकडे वळली.

हिप्परग्याची शाळा आणि संन्यास

आजच्या धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. तिथे १९२१ मध्ये एक राष्ट्रीय शाळा सुरू झाली होती. त्या काळातल्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. खासगी शाळा काढायला परवानगी लागायची, सभा घ्यायला परवानगी लागायची. अशा राज्यात खेड्यातली एक मराठी राष्ट्रीय शाळा ही साधी गोष्ट नव्हती. व्यंकटेश खेडगीकर या शाळेत आले आणि मुख्याध्यापक झाले.

हिप्परग्याच्या काळातच, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, त्यांनी संन्यास घेतला. दीक्षा दिली स्वामी नारायण यांनी. व्यंकटेश खेडगीकर हे नाव संपलं आणि स्वामी रामानंद तीर्थ हे नाव सुरू झालं.

संन्यास म्हणजे नुसते भगवे कपडे नव्हेत. परंपरेनुसार संन्यास घेणारा माणूस आधी पितरांचं श्राद्ध करतो आणि त्याबरोबर स्वतःचंही श्राद्ध उरकतो. शेंडी आणि जानवं सोडतो. गोत्र सोडतो. घरच्या जमिनीवरचा, वाड्यावरचा, वारशाचा हक्क सोडतो. हिंदू कायद्यातही रीतसर संन्यास घेणं म्हणजे नागरी मृत्यू मानला जातो. कायद्याच्या लेखी तो माणूस त्या घराचा राहत नाही. मग ज्या घराचा तो राहिला नाही, त्या घराचं आडनाव तरी कशाला लावायचं? म्हणून नवं नाव दिलं जातं.

दहा नावं कुठली?

नव्या नावाच्या शेवटी जो शब्द येतो तो मनाला येईल तसा निवडत नाहीत. आदि शंकराचार्यांच्या परंपरेतल्या संन्याशांचे दहा गट मानले जातात, म्हणून त्यांना दशनामी म्हणतात. ती दहा नावं अशी: तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती आणि पुरी.

ही नावं चार पीठांना वाटून दिल्याची परंपरा सांगितली जाते. तीर्थ आणि आश्रम द्वारकेच्या पीठाकडे, वन आणि अरण्य जगन्नाथपुरीकडे, गिरी, पर्वत आणि सागर बद्रीनाथजवळच्या ज्योतिर्मठाकडे, तर सरस्वती, भारती आणि पुरी शृंगेरीकडे. व्यवहारात ही वाटणी नेहमीच काटेकोर पाळली गेली असं नाही. पण नावाच्या शेवटी सरस्वती दिसलं की दयानंद सरस्वतींसारखा दशनामी संन्यासी, हे ओळखता येतं. स्वामी विवेकानंदांच्या गुरूंचे, म्हणजे रामकृष्ण परमहंसांचे, संन्यासगुरू तोतापुरी होते. त्या नात्याने रामकृष्ण मठाचे संन्यासी पुरी परंपरेत मोडतात, फक्त ते पुरी हा शब्द नावापुढे लावत नाहीत.

म्हणजे संन्याशाचं आडनाव असतंच. ते बापाकडून येत नाही, गुरूकडून येतं. एवढाच फरक.

तीर्थ या शब्दाचा अर्थही बघण्यासारखा आहे. संस्कृतमध्ये तो 'तरून जाणे' या अर्थाच्या धातूपासून आला. नदी जिथून पार करता येते तो उतार, तो घाट, म्हणजे तीर्थ. अशा जागी लोक जमायचे, स्नान करायचे, म्हणून पुढे त्याला पवित्र ठिकाण असा अर्थ आला. मराठीत देवळात पळीने हातावर देतात ते पाणीही तीर्थच. आणि जुन्या पत्रांमध्ये वडिलांच्या नावाआधी 'ती.' लिहायचे, ते तीर्थरूप या शब्दाचं लघुरूप. 'स्वाराती'मधला 'ती' वाचताना घरातल्या आजी-आजोबांना तो 'ती.' आठवला तर नवल नाही.

पंजाबातून मराठवाड्यात आलेलं नाव

रामानंदांकडे तीर्थ हे नाव ज्या वाटेने आलं ती वाट लांबची आहे. दीक्षा देणारे स्वामी नारायण हे स्वामी रामतीर्थ यांचे शिष्य होते.

रामतीर्थ हे आपल्याकडे आज फारसे आठवले जात नाहीत, पण शंभर वर्षांपूर्वी त्यांचं नाव सुशिक्षित तरुणांच्या तोंडी असायचं. १८७३ मध्ये पंजाबातल्या गुजरांवाला जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. हा भाग आज पाकिस्तानात आहे. घरात ठेवलेलं त्यांचं नाव होतं तीर्थराम. गणितात हुशार, लाहोरला गणिताचे प्राध्यापक. १८९७ मध्ये विवेकानंद लाहोरला आले तेव्हा दोघांची भेट झाली. काही वर्षांनी तीर्थराम नोकरी आणि घरदार सोडून हिमालयाकडे निघून गेले आणि संन्यासी झाले. घरचं नाव तीर्थराम, संन्यासाचं नाव रामतीर्थ. जन्मनावातले दोन शब्द उलटे झाले, एवढंच.

१९०२ मध्ये ते जपानला गेले, तिथून अमेरिकेला. वेदांत रोजच्या जगण्यात कसा आणायचा यावर त्यांनी तिथे व्याख्यानं दिली. परत आल्यावर १९०६ मध्ये टिहरीजवळ गंगेत बुडून त्यांचा मृत्यू झाला. वय होतं अवघं तेहतीसच्या आसपास. त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने देशभर वाचली गेली. ज्ञान असेल तर ते लोकांच्या उपयोगी पडलं पाहिजे, ही त्यातली शिकवण होती. व्यंकटेश खेडगीकरांवर तिचा प्रभाव होता.

त्यामुळे रामानंद तीर्थ हे नाव नीट बघितलं तर त्यात राम आणि तीर्थ हे दोन्ही शब्द आहेत. परंपरेचे गुरू नावातच आले. एका पंजाबी गणित प्राध्यापकाचं नाव असं फिरत फिरत हिप्परग्याच्या मराठी शाळेत पोचलं.

त्यांच्या जन्मभागातही हा शब्द परका नव्हता. तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांचं एक नाव आनंदतीर्थ. त्यांच्या द्वैत परंपरेतले यतीही तीर्थ हेच नाव लावतात. त्यांतले जयतीर्थ यांचं मोठं स्थान गुलबर्ग्याजवळच्या मळखेडला आहे. व्यंकटेश मात्र ज्या वाटेने तीर्थ झाले ती अद्वैताची, रामतीर्थांची वाट होती.

मग तीर्थ हे घराण्याचं आडनाव का झालं नाही?

दहापैकी काही नावं पुढे खरोखरच आडनावं बनली. मराठवाड्यात गिरी, पुरी, भारती, बन अशी आडनावं असलेली कुटुंबं गावोगाव भेटतात. हे दशनामी गोसावी. त्यांच्या परंपरेत संसार करणारे लोकही होते, त्यामुळे गुरूकडून आलेलं नाव पुढे बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं. तीर्थ, आश्रम आणि सरस्वती ही नावं मात्र प्रामुख्याने दंडधारी संन्याशांकडे राहिली. त्यांच्यात संसार नाही, म्हणून मुलंबाळं नाहीत, म्हणून नाव वारशाने जाण्याचा प्रश्न नाही. त्यामुळे शेजारच्या गल्लीत गिरी आणि पुरी सापडतील, पण तीर्थ आडनावाचं घर सहसा सापडणार नाही.

मोमिनाबादचा मुख्याध्यापक

हिप्परग्याच्या शाळेवर सरकारची नजर होती आणि तिथे काम चालवणं अवघड होत गेलं. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला आले. त्यांच्याबरोबर काम करणारे बाबासाहेब परांजपेही आले.

तेव्हा या गावालाही दोन नावं होती. लोक अंबाजोगाई किंवा आंबेजोगाई म्हणायचे, कारण गाव योगेश्वरी देवीचं. कोकणातल्या कितीतरी घराण्यांची ती कुलदेवता. मराठीतले आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी इथे आहे, सोळाव्या शतकातले दासोपंत इथलेच. पण निजामाच्या कागदोपत्री गावाचं नाव होतं मोमिनाबाद. इथे घोडदळाची छावणी होती. एकच गाव, देवळात एक नाव आणि कचेरीत दुसरं.

स्वामीजी इथल्या योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक झाले. भगव्या कपड्यातला माणूस वर्गात उभा राहून शिकवतोय, हे चित्र आज विचित्र वाटेल. पण त्या काळात सरकारी परवानगीशिवाय चार माणसं एकत्र आणणं कठीण होतं. सभांवर निर्बंध घालणारं 'गश्ती निशान ५३' नावाचं फर्मान कुप्रसिद्ध होतं. अशा वेळी शाळा ही एकच जागा होती जिथे रोज मुलं जमायची आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता यायचं. अंबाजोगाईतली ती तीन-एक वर्षं पुढच्या चळवळीची तयारी ठरली. याच शाळेभोवती जमलेले शिक्षक आणि विद्यार्थी नंतर लढ्यात दिसले.

नावावरून बंदी

हैदराबाद संस्थान छोटं नव्हतं. सुमारे ८२ हजार चौरस मैल क्षेत्र, सोळा जिल्हे. त्यात तेलुगू बोलणारे आठ, मराठी पाच आणि कानडी भागाचे तीन. मराठवाड्याचे पाच म्हणजे औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ पासून गादीवर होते.

राजकीय पक्ष काढायची सोय नव्हती, म्हणून प्रत्येक भाषेच्या लोकांनी आपापल्या परिषदा काढल्या होत्या. तेलुगू भागात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद. मराठी भागात महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला झालं. १९३८ मध्ये स्वामीजींनी मुख्याध्यापकपद सोडलं आणि पूर्णवेळ या कामात उतरले.

त्याच वर्षी तिन्ही भाषांचे लोक एकत्र येऊन हैदराबाद स्टेट काँग्रेस काढायचं ठरलं. ती रीतसर सुरू होण्याआधीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, सरकारने तिच्यावर बंदी घातली. काँग्रेस या नावालाच सरकारचा आक्षेप होता. ते नाव बाहेरच्या, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या चळवळीशी नातं सांगत होतं. तेव्हा हा झगडा एका अर्थाने नावाचाही होता. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला आणि तीनच दिवसांत स्वामीजींना अटक झाली.

याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचेही वेगळे सत्याग्रह चालू होते. त्यामुळे स्टेट काँग्रेसची लढाई धर्माची आहे असं म्हणणं सरकारला सोपं जात होतं. त्यात नेता भगव्या कपड्यातला, नावापुढे स्वामी. पण त्यांची मागणी मंदिरांची नव्हती. लोकांना जबाबदार असं सरकार हवं, बोलायचं आणि सभा घ्यायचं स्वातंत्र्य हवं, ही ती मागणी होती. कामगार चळवळीत घडलेला हा संन्यासी जमीन कसणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलायचा. काँग्रेसमधल्या डाव्या विचारांच्या तरुणांना तो आपला वाटायचा. औरंगाबादचे गोविंदभाई श्रॉफ हे त्यांतलं मोठं नाव. गुजराती घरातले आणि सराफीच्या धंद्यावरून आलेल्या आडनावाचे गोविंदभाई मराठवाड्याचे नेते झाले.

स्टेट काँग्रेसवरची बंदी उठायला १९४६ साल उजाडलं. मधल्या वर्षांत स्वामीजी पुन्हा पुन्हा तुरुंगात होते. वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधीजींनी हैदराबादमधून जे निवडक लोक निवडले त्यांत ते होते. १९४२ च्या चळवळीतही त्यांना अटक झाली.

तुरुंगात गेलेला स्वातंत्र्यदिन

१९४७ च्या जूनमध्ये हैदराबादमधल्या मुशिराबादला स्टेट काँग्रेसचं अधिवेशन झालं आणि स्वामीजी अध्यक्ष होते. इंग्रज निघाल्यावर आपण भारतात विलीन होणार नाही, हे निजामाने त्याच महिन्यात स्पष्ट केलं होतं. त्यावर स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्टला भारतात सामील व्हा असा दिवस पाळला. १५ ऑगस्टला देशभर तिरंगा फडकत असताना हैदराबादमध्ये तो फडकवणं गुन्हा होता. त्या दिवशी स्वामीजींना अटक झाली.

नोव्हेंबरमध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला. मध्ये त्यांची सुटका झाली, पण जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक झाली. बाहेर लातूरचा वकील कासीम रझवी याच्या रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. सरहद्दीबाहेर उभारलेल्या कॅम्पमधून कार्यकर्ते लढत होते. दिगंबरराव बिंदू आणि इतर सहकारी बाहेरून लढा चालवत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर स्वामीजी तुरुंगाबाहेर आले. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा तेरा महिने झाले होते, आणि त्यांतला बहुतेक काळ त्यांनी आत काढला होता.

कुठल्याच गावचा नसलेला नेता

इथे पुन्हा आडनावाकडे यावं लागतं. तीन भाषांचं राज्य चालवायला असा नेता हवा होता जो तेलुगू लोकांना मराठी वाटणार नाही आणि मराठी लोकांना कानडी वाटणार नाही. खेडगीकर म्हटलं असतं तर माणूस एका गावाचा, एका भाषेचा आणि एका जातीचा झाला असता. तीर्थ या नावाला गाव नव्हतं. ज्या राज्यात लोक एकमेकांना भाषा आणि धर्म यांवरून ओळखत होते, तिथे याचा उपयोग झालाच असणार.

१९५२ मध्ये ते गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून आले, म्हणजे कानडी भागातून. १९५७ मध्ये औरंगाबादमधून, म्हणजे मराठी भागातून. आणि त्यांचे एक प्रसिद्ध अनुयायी तेलुगू भागातले. हैदराबादमधल्या वंदे मातरम् आंदोलनामुळे उस्मानिया सोडून नागपूरला शिकायला गेलेला तो तरुण स्टेट काँग्रेसमध्ये त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्याचं नाव पी. व्ही. नरसिंह राव. पुढे ते १९९१ ते १९९६ या काळात भारताचे पंतप्रधान होते.

तिन्ही भागांत मान असलेल्या या माणसाने भूमिका मात्र राज्य तोडण्याची घेतली. हैदराबाद राज्य एकत्र ठेवलं असतं तर त्याच्या राजकारणात त्यांचं वजन कायम राहिलं असतं. पण भाषेप्रमाणे राज्यं व्हावीत, लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा, असं त्यांचं मत होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्यांची जन्मभूमी कर्नाटकात गेली, कर्मभूमी महाराष्ट्रात आली आणि ते स्वतः आंध्रातल्या हैदराबादला राहिले.

मंत्रिपद त्यांनी घेतलं नाही. शेवटची वर्षं भूदान, खादी आणि शिक्षणाच्या कामात गेली. लढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं. बेगमपेठेत त्यांचं स्मारक आहे.

नावाचा वारसा

ज्याला मुलगा नाही त्याचं आडनाव संपतं, असं आपल्याकडे अजूनही मानतात. त्या हिशेबाने खेडगीकरांची ही शाखा तिथेच संपली. तीर्थ हे नाव मात्र वाढत गेलं. अंबाजोगाईला १९७० च्या दशकात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव मिळालं. जिथे ते मुख्याध्यापक होते त्याच गावात.

१९९४ हे वर्ष मराठवाड्यात नावांचं वर्ष होतं. विधिमंडळाने १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला होता. त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, माणसं मारली गेली आणि सोळा वर्षं लढा चालला. १४ जानेवारी १९९४ ला अखेर नामविस्तार झाला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला नवं विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला रामानंद तीर्थांचं नाव दिलं गेलं. नाव ही फुकट मिळणारी गोष्ट नसते, हे मराठवाड्याएवढं कोणाला माहीत असणार?

आज 'स्वाराती' म्हणताना त्यातला स्वामी, रामानंद आणि तीर्थ वेगळे करून बघायला कोणाला वेळ नसतो. बाळंतपणासाठी आलेली बाई, अपघातात सापडलेला ऊसतोड कामगार, बाहेर पायरीवर डबा उघडून बसलेले नातेवाईक, सगळे आपापल्या घाईत असतात. केसपेपरवर त्या सगळ्यांचं आडनाव लिहिलेलं असतं, आणि त्याच कागदाच्या डोक्यावर छापलेलं असतं आडनाव सोडून दिलेल्या माणसाचं नाव.